आतून न उघडलेलं दार

निवांत बसा. पाठ टेकू द्या, तळपाय जमिनीला लागू द्या. धुळ्याजवळ गोंदूरला किंवा शिरपूरच्या बाजूला शिकाऊ विमानं घिरट्या घालताना तुम्ही पाहिली असतील. त्या इवल्याशा जागेत पुष्कळदा दोनच माणसं असतात, एक शिकवणारा आणि एक शिकणारा. शिकणाऱ्याचं काही चुकलं की शेजारचा हात पुढे येतो आणि विमान सावरतो. त्या शेजारच्या हाताकडे आज लक्ष नेऊया. घाई करू नका.

आता मोठ्या विमानात चला. 26 मे 2010. एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग 737 दुबईहून पुण्याला निघालं आहे. उंची 37,000 फूट, आत 113 प्रवासी. चारच दिवसांपूर्वी, 22 मे रोजी, याच कंपनीचं दुबईहून आलेलं विमान मंगळूरला धावपट्टी ओलांडून दरीत गेलं आणि 158 माणसं गेली. सीटचा पट्टा बांधताना ती बातमी कोणाच्या मनात आली नसेल?

कॅप्टन स्वच्छतागृहाकडे जायला उठले. त्यांच्यामागे कॉकपिटचं दार बंद झालं. आत राहिला पंचवीस वर्षांचा सहवैमानिक, एकटा. त्याने सीट पुढे घ्यायला सुरुवात केली आणि त्या हालचालीत समोरचा कंट्रोल कॉलम नकळत पुढे दाबला गेला. कॉलम पुढे गेला की विमानाचं नाक खाली जातं. ते गेलं.

इथे थांबा. एक श्वास घ्या, सावकाश सोडा.

यंत्रात कुठलाच बिघाड नव्हता. इंजिनं चालू होती, पंख शाबूत होते. पण नेमक्या अशा प्रसंगाचं प्रशिक्षण त्या मुलाला मिळालेलं नव्हतं. त्या क्षणी त्याला काहीच सुचलं नाही. वेग वाढत गेला, नाक सुमारे 26 अंश खाली झुकलं. केबिनमधून त्याला फोन येत होता, तो उचलला गेला नाही. कॅप्टन दाराशी उभे होते आणि दार आतून उघडलं गेलं नाही.

तुमच्या आयुष्यातली अशी एखादी घटका आठवा. फार मोठी नको. बाहेरून कोणी हाक मारत होतं, ती ऐकूही येत होती, आणि तरी उठून कडी काढणं जमलं नाही. ती आठवण समोर राहू द्या. तिला दोष देऊ नका.

चौकशी अहवालाने सहवैमानिकाच्या घबराटीची नोंद केली, ते त्याचं कामच होतं. मला मात्र त्या मुलाला दोष देववत नाही. भीती माणसाला आतून कुलूप घालते, आणि किल्ली त्याच्याच हातात असली तरी तो हात हलत नाही. ज्यांनी ही दारं बांधली त्यांना हे ठाऊक होतं. अमेरिकेतल्या सप्टेंबर 2001च्या हल्ल्यांनंतर कॉकपिटची दारं भक्कम झाली, पण आतला माणूस उठू शकला नाही तर काय, हा विचारही सोबत झाला. म्हणून बाहेरच्या बाजूला आणीबाणीचा कोड असतो. आतून कोणी मुद्दाम नकार दिला नाही, तर त्या कोडने दार उघडतं.

कॅप्टननी तो कोड वापरला. दार उघडलं. ते जागेवर आले आणि त्यांनी विमान हातात घेतलं. अशा सुसाट वेगात नाक एकदम वर खेचलं तर पंखांवर नको तितका ताण येतो, म्हणून सावरणं बेतानेच करावं लागतं. सुमारे 7,000 फूट उंची गेली होती. एवढं खाली येऊनही खाली अजून बरंच आकाश शिल्लक होतं.

श्वासाकडे या. तोही बेतानेच वर येऊ द्या.

असंच एक दार 24 मार्च 2015 रोजी फ्रान्सच्या डोंगरांवर उघडलं नाही. जर्मनविंग्जच्या विमानात आतल्या सहवैमानिकाने ते मुद्दाम बंद ठेवलं, कॅप्टन बाहेर ठोठावत राहिले आणि 150 जण गेले. बाहेरचा कोड सगळं करू शकत नाही, हेही मनात असू द्या.

आता मन आपल्या मुलखात आणा. 16 जुलै 2021. शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचं छोटं विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ, सातपुड्याच्या जंगलात कोसळलं. शिकवणारा तरुण जागीच गेला. शिकणारी मुलगी जबर जखमी होती. तिथे गाडी जाईल असा रस्ता नव्हता. आसपासच्या आदिवासी वस्तीतली माणसं धावली. एका बाईने अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी झाली आणि त्या झोळीतून मुलीला डोंगराखाली आणलं. त्यांच्यापैकी कोणाला विमानातलं काही कळत नव्हतं. हाक ऐकू येण्याचीही वाट त्यांनी पाहिली नाही.

या माणसांपाशी थोडा वेळ थांबा. मग आपल्या घराकडे पाहा. पुण्याला खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करणारा पुतण्या असेल, केळीचा भाव पडल्यापासून गप्प झालेला भाऊ असेल. फोन वाजतो आणि ते उचलत नाहीत. आपण म्हणतो, कामात असेल. एकदा दाराशी जाऊन उभं राहावं आणि आपल्या बोलीत विचारावं, "काय व्हयनं रे भाऊ?" उत्तर लगेच आलं नाही तरी तिथून निघू नये.

दुबईचं ते विमान पुण्याला सुखरूप उतरलं, कोणाला इजा झाली नाही. आज आपल्याकडच्या विमानात दोघांपैकी एक वैमानिक बाहेर गेला, की केबिनमधला एक कर्मचारी आत येऊन थांबतो. तो विमान चालवायला येत नाही. आतला माणूस एकटा राहू नये आणि दार उघडायला कोणी असावं, एवढ्यासाठी तो तिथे असतो.