तारू देवा, उद्याच्या रात्रीसाठी

हे ताडोबा, हे तारू देवा,

तळ्याकाठी झाडाखाली तुझं ठाणं, आणि मोहर्लीच्या गेटातून आत येणाऱ्या पाहुण्यांना मी रोज तुझी गोष्ट सांगते. तू गावाचा प्रमुख होतास, वाघाशी झुंजताना गेलास, लोकांनी तुला देव केलं, 1955 साली झालेल्या उद्यानाला तुझंच नाव लागलं. एवढं सांगून होतं आणि जिप्सी पुढं निघते. तुझ्या घरी कोण होतं, देवा? तू गेलास त्या सकाळी तुझी बायको तुझ्याशी बोलत होती की अबोला होता? माझं मागणं तिला कळलं असतं, म्हणून तुझ्यापाशी आणलं आहे.

उद्या शनिवार, 14 फेब्रुवारी. रिसॉर्टांत लाल फुगे लागतील, पाहुणे जोडीजोडीनं नाचतील. आमची पोरं तिथं ताटं वाढतात, स्पीकर जोडतात. यंदा त्यांनी ठरवलं, तिथलं आवरलं की गावातही नाच करायचा आणि लग्न झालेल्यांनी जोडीनं यायचं. मी घरी विचारलं. हे म्हणाले, "बाईमाणसाले चारचौघात नाचवू का? लोकं काय म्हणतीन?" तेव्हापासून घरात फक्त भांड्यांचा आवाज आहे.

देवा, हेच दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्र रात्र जागून बघतात. रेकॉर्ड डान्सला शिट्टी वाजवतात. वरातीत डीजेपुढं घाम निथळेपर्यंत नाचतात. सासूचं माहेर धानोऱ्याकडचं. तिच्या लग्नात बायापुरुषांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून रेला नाच धरला होता. ते सांगताना चुलीपुढं बसल्या बसल्या तिचे पाय हलायला लागतात. मग आम्ही ज्यांना भ्यायचं, ते लोक कोणते?

दुखणं नाचाचं नाही, हे तू जाणतोस. गाईडचे पैसे माझ्या हातात यायला लागले आणि ह्यांचं बोलणं आखडत गेलं. पाहुण्यांनी ह्यांच्यादेखत मला शाबासकी दिली की त्या रात्री मोहाची पिऊन येतात. ते पैसे पोरीच्या शाळेत जातात, ह्यांच्याच घराच्या पत्र्यात जातात. माझी कमाई ह्यांना स्वतःची हार वाटू नये, एवढं ह्यांच्या मनातून काढून टाक. मला मार नाही, शिवी नाही. तरी न बोलणाऱ्या माणसाशेजारी झोपणंही जड जातं, देवा.

आणि जंगलात? आमचा नंबर एका गाडीवर लागतो तेव्हा चितळानं एक हाक दिली की मी हात उचलायच्या आत ह्यांनी इंजिन बंद केलेलं असतं. मी डावीकडं बघते, हे उजवीकडं. वानर ओरडलं की दोघांची मान एकदम वळते. एक शब्द लागत नाही. तिथं आम्ही इतके जोडीचे असतो की पाहुणे विचारतात, तुम्ही नवराबायको का? हे मान हलवतात, आणि त्या वेळी ह्यांच्या तोंडावर जे येतं ते मला घरीही बघायचं आहे.

मोहफुलांचे दिवस जवळ आले. पहाटे फुलं वेचायला गेलेली माणसं परत आली नाहीत, अशी घरं आमच्या भागात आहेत. तिथल्या बाया म्हणतात, भांडायला तरी माणूस हवा होता. हे ऐकते आणि माझा राग गळतो. पण देवा, जिवंत आहेत म्हणून गप्प बस, असं मला सांगू नकोस. ह्यांना सुखरूप ठेव, तुझ्या वाघापासून आणि त्या बाटलीपासूनही. मला ह्यांना खाली पाहायला लावणारं एकही वाक्य बोलू देऊ नकोस, आणि माझ्या मनातलं गिळूही देऊ नकोस.

उद्या दुपारच्या फेरीला आमचा नंबर एकाच गाडीवर आहे. परतताना पाहुणे उतरले की मी पुन्हा विचारणार आहे. ह्यांना हो म्हणायचं बळ दे. नाहीच म्हणाले, तर सासूचा हात धरून नाचाच्या मैदानात जायचं बळ मला दे, आणि ह्यांनाही कडेला का होईना, तिथं आणून उभं कर.