प्रसाद आणि कौल



‘प्रसाद’ हा शब्द आपण रोज उच्चारतो. परंतु तो प्रांताप्रांतात निरनिराळ्या अर्थाने चालतो. गोव्यात आणि कोकणात देवाच्या मूर्तीला फुले किंवा ओल्या पाकळ्या लावतात, मनात प्रश्न धरतात, आणि उजवीकडची पाकळी आधी पडते की डावीकडची यावरून देवाची संमती आहे की नाही ते ठरवतात. याला कौल म्हणतात, आणि पुष्कळ ठिकाणी यालाच ‘प्रसाद’ असेही नाव आहे. आपल्याकडे प्रसाद हे अष्टावरणांपैकी एक आवरण होय. गुरू, लिंग, जंगम यांना अर्पण होऊन जे आपल्या हाती परत येते, तो प्रसाद. शब्द एकच, वाटा मात्र दोन. एका वाटेने जाणारा देवाला विचारतो, ‘माझ्या मनात आहे ते तुला मान्य आहे काय?’ दुसऱ्या वाटेने जाणारा स्वतःलाच विचारतो, ‘हे जे माझ्या हातात आले आहे ते कोणाचे?’

देव आहे आणि त्याचे आपल्यावर प्रेम आहे, याची खूण रोजच्या संसारात कशी ओळखावी, असा प्रश्न मठात येणारे सद्भक्त वारंवार विचारतात. त्याचे उत्तर मला या दोन वाटांच्या भेदात दिसते, म्हणून या महिन्याचे निरूपण त्यावर आहे.

कौल लावणाऱ्यांची चेष्टा करण्याचा हेतू नाही. अडलेला माणूस आधार शोधतो, आणि आपली घरेही त्यातून सुटलेली नाहीत. पाल चुकचुकली, मांजर आडवे गेले, नारळ नासका निघाला की गळ्यात इष्टलिंग असलेल्या माणसाचाही चेहरा उतरतो. शरणांनी शकुन-मुहूर्तांना थारा दिला नाही, हे आपण बसवजयंतीच्या व्याख्यानात ऐकतो, टाळ्या वाजवतो, आणि घरी जाऊन लग्नाच्या तारखेसाठी पंचांग उघडतो. असो. अशुभ खुणांचे भय हा अज्ञानाचा भाग आहे, तो समजावून जाईल. खरी अडचण शुभ खुणांची आहे.

काही वर्षांपूर्वी एका बसला अपघात झाला. त्यातून वाचलेले एक सद्भक्त पेढे घेऊन मठात आले. शेजारच्या बाकावरचे गेले, पुढचे गेले, यांना खरचटलेसुद्धा नाही. ‘लिंगदेवाने हात दिला,’ असे म्हणताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या भावनेत खोटे काही नव्हते. चार-आठ दिवसांनी एक माउली आल्या. त्याच बसमध्ये त्यांचा मुलगा गेला होता. पेढ्यांची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी एवढेच विचारले, “माझ्या लेकराच्या गळ्यात पण लिंग होतंच की हो, स्वामीजी?”

त्या दिवशी मी त्यांना काही सांगितले नाही. सांगण्याची ती वेळ नव्हती. पण वाचकहो, हा प्रश्न तुम्ही आणि मी टाळता कामा नये. न्यायशास्त्रात हेतू तपासण्याची एक रीत आहे. जो हेतू साध्य असलेल्या ठिकाणीही आढळतो आणि नसलेल्या ठिकाणीही आढळतो, त्याला सव्यभिचार म्हणतात, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वाचलेल्याच्या गळ्यात लिंग होते आणि गेलेल्याच्याही होते. तेव्हा ‘लिंग होते म्हणून वाचलो’ हे अनुमान टिकत नाही. आणि ते धरून ठेवायचेच म्हटले तर देव पक्षपाती ठरतो. एकाच बसमध्ये बसलेल्या दोन लेकरांपैकी एकाला उचलणारा आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवणारा. असा देव शरणांनी मानला नाही. वाचलेल्याने कृतज्ञ जरूर व्हावे, पेढेही वाटावेत. मात्र आपण वाचलो ही आपल्यावरील विशेष मर्जीची खूण आहे, असा अर्थ काढला की त्या पेढ्यांत दुसऱ्याचे दुःख मिसळते.

मग खूण कोणती?

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपल्याला पाठ आहे. रायचूर भागातील अमरेश्वराहून हे दांपत्य कल्याणला आले. बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक आणि त्यावर दासोह. एके दिवशी बसवण्णांनी मुद्दाम जास्त तांदूळ सांडून ठेवले. मारय्यांनी ते सगळे वेचले आणि जड पदर घेऊन घरी आले. आता आपल्यापैकी कोणीही म्हणाला असता, ‘आज देवाची कृपा झाली.’ लक्कम्माने पदराकडे पाहिले आणि विचारले, रोजच्याहून जास्त का आणले? ही आशा कुठून आली? जास्तीचे आहे तिथे परत टाकून या. आणि मारय्या परत गेले.

या कथेवर आपण कायक आणि अपरिग्रह या अंगांनी पुष्कळ बोलतो. मला तिच्यात खुणेचा विचारही दिसतो. नेहमीपेक्षा जास्त मिळाले की आपण त्याला देवाचा हात म्हणतो. लक्कम्माच्या मते देवाचा हात रोजच्या मापात होता. काल जेवढे मिळाले तेवढेच आज मिळाले, दोघांचे पोट भरले, जंगमांच्या पानात पडले, यात अमरेश्वरलिंगाचे प्रेम तिला पुरेपूर दिसत होते. जास्तीच्या मुठीत तिला फक्त आपल्या नवऱ्याची ओढ दिसली. चमत्कार नेहमी नेमाच्या बाहेर शोधायचा, ही आपली खोड तिने एका प्रश्नाने मोडली. खरे सांगायचे तर कल्याणातल्या मोठमोठ्या संवादांपेक्षा मला हा स्वयंपाकघरातला प्रश्न भारी वाटतो.

षट्स्थळांत तिसरे स्थळ प्रसादी. भक्ताची भक्ती श्रद्धेची, महेशाची निष्ठेची आणि प्रसादीची अवधानाची, असा क्रम आहे. अवधान म्हणजे लक्ष. प्रसादीस्थळी श्रद्धा तर हवीच, पण आता प्रत्येक पदार्थाकडे, प्रत्येक प्रसंगाकडे लक्ष हवे. अर्पण झाल्यावाचून काही घ्यायचे नाही, आणि अर्पणही नुसते नैवेद्य दाखवून होत नाही. आपल्या शास्त्रात त्याची फोड केली आहे: पदार्थाचे रूप इष्टलिंगाला, रुची प्राणलिंगाला, तृप्ती भावलिंगाला. ही परिभाषा पाठ म्हणून पुष्कळांना येते. ती जेवताना कशी वापरायची, ते थोडे पाहू.

ताटात शाळूची भाकरी आहे असे धरा. पहिल्याने तिचे रूप. शाळू आपल्या भागात पावसाळा सरता सरता पेरतात. तो पावसाच्या सरींवर वाढत नाही. काळ्या रानाने पोटात धरून ठेवलेली ओल आणि पहाटेचे दव, एवढ्यावर तो कणसाला येतो. पाऊस गेला, आभाळ कोरडे झाले, तरी मातीने आधीचे पाणी राखून ठेवले आणि रोपाला लागेल तसे दिले. मग कुणी तो काढला, कुणी खुडला, कुणी मळला. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. पुढे ती भाकरी कुणीतरी थापली. नीट पाहिले तर तिच्यावर बोटांचे ठसे दिसतात. खूण शोधणाऱ्याने डोंगरावर जाण्याआधी हे ठसे पाहावेत. आपल्या घरातल्या माउलीने धुरात नाहीतर गॅसपुढे उभे राहून, आपल्याआधी उठून ते उमटवले आहेत, आणि बहुतेक घरांत ती स्वतः सगळ्यांच्या मागून जेवते. ज्याला ताटातले ठसे दिसत नाहीत, त्याला करस्थळावरच्या लिंगात काय दिसत असेल, याची मला शंका आहे.

नंतर रुची. जिभेला चव कळते. पण चव कळण्याची शक्ती आपण कमावलेली नाही. तापातून उठलेल्या माणसाला पहिल्यांदा मीठ लागते तेव्हा त्याच्या डोळ्यांत काय उमटते ते पाहा. आणि शेवटी तृप्ती. ती तर घासांच्या संख्येवर नसतेच. पंचपक्वान्ने खाऊन अतृप्त उठणारे आपण पाहतो, आणि अर्ध्या भाकरीवर ढेकर देणारेही पाहतो. पुरे वाटणे हे पदार्थाच्या पलीकडून येते. ते जिथून येते तिथे ते परत अर्पण करायचे.

संस्कृतात ‘प्रसाद’ शब्दाचा मूळ अर्थ निवळणे, स्वच्छ होणे असा आहे. शरद ऋतूत नदीचे पाणी निवळते, त्यालाही प्रसाद म्हणतात. जुन्या घरांत गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून घालत. गाळ खाली बसे आणि वरचे पाणी स्वच्छ होई. त्या बीने पाणी नवीन आणलेले नसते, असलेलेच दिसू लागते. अवधानाचे काम तेच.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. फुलात देव, पहाटेत देव, लेकराच्या हसण्यात देव, असे म्हणणे सोपे आहे, गोडही आहे. शरणांना तेवढ्यावर समाधान नव्हते. त्यांच्यात परीट होते, नावाडी होते, दोरी वळणारे होते, कातडे कमावणारे होते. बसवण्णांनी स्थावरापेक्षा जंगमाला मोठे मानले, त्याचा अर्थ असा की देवाची खूण दगडात थांबत नाही, ती पायांनी चालत दारात येते, आणि बहुधा गैरसोयीच्या वेळी येते. मराठवाड्यात, उदगीर-बिदरकडे शिवनाम सप्ताह होतात, मन्मथस्वामींच्या परमरहस्याचे पारायण चालते, शेवटी महाप्रसादाच्या पंगती उठतात. त्या पंगतीत आपण बुंदीकडे पाहतो, वाढणाऱ्याकडेही पाहतो. खरकटी ताटे उचलणाऱ्याकडे पाहतो काय? जे मिळाले ते माझ्यापाशीच थांबले तर त्याला प्रसाद म्हणता येत नाही, तो नुसता लाभ झाला. दासोहाचे स्थान म्हणूनच प्रसादाला इतके लागून आहे.

आता त्या माउलींच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. रोजच्या भाकरीत खूण दिसेल. पण घरात भाकरी खाणाराच उरला नाही तर?

शून्यसंपादनेत मुक्तायक्काचा प्रसंग आहे. तिचा भाऊ अजगण्ण याची भक्ती गुप्त होती. त्याने ती कोणाला दिसू दिली नाही. तो अकस्मात गेला. त्याचे शव जवळ घेऊन ती शोक करीत असताना अल्लमप्रभू तिथे आले. अल्लमांनी तिला ‘देवाची इच्छा’ असे सांगून गप्प केले नाही. त्यांनी प्रश्न केले, तिने उलट उत्तरे दिली. शोकात असलेल्या एका बाईशी ते बरोबरीच्या साधकाशी बोलावे तसे बोलत बसले. तिचे दुःख लहान आहे असे त्या संवादात कुठेच कोणी म्हटलेले नाही. पुढे तिची जी वचने आली त्यांची मुद्रिका आहे ‘अजगण्णतंदे’. अक्कमहादेवींनी चेन्नमल्लिकार्जुनाला हाक मारली, बसवण्णांनी कूडलसंगमदेवाला. मुक्तायक्काने गेलेल्या भावाच्याच नावाने देवाला हाक मारली. तिला खूण मिळाली ती दुःख संपल्यावर मिळाली नाही. ज्या जागी जखम होती त्याच जागेला तिने नाव दिले. आणि तिच्याजवळ बसून राहणारा एक माणूस होता, हेही विसरू नये. शोकाच्या घरी देवाचे प्रेम पुष्कळदा अशाच बसून राहणाऱ्याच्या रूपाने येते. त्याने फार बोलू नये.

कल्याणावरही असाच प्रसंग आला. हरळय्या आणि मधुवरस यांना देहदंड झाला तेव्हा आभाळातून कोणी हात दिला नाही. शरण पांगले. चन्नबसवण्णांबरोबर काही जण उळवीच्या रानापर्यंत गेले. आपल्या खानापूर तालुक्यातील कक्केरीला डोहर कक्कय्यांचे स्थान आहे, ते याच वाटेवरचे. पुढे शतकानुशतके वचनांची ताडपत्रे घराघरांत बांधून ठेवलेली राहिली. वाचता न येणाऱ्यांनीही ती गाठोडी जपली. फ. गु. हळकट्टी यांनी ती गावोगाव फिरून जमवली आणि ‘वचनशास्त्रसारा’चा पहिला भाग 1923 साली छापून आणला, म्हणून आज हे निरूपण तरी होते आहे. यामुळे हरळय्यांचे मरण गोड झाले असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे धिटाईचे होईल. मी एवढेच पाहतो की तुळईवर गाठोडे ठेवणाऱ्या त्या अनाम हातांना कौल मिळालेला नव्हता. त्यांनी हातात आले ते जपले.

नुलिय चंदय्यांची कथा सांगून थांबतो. तळ्याकाठी गवत कापून त्याच्या दोऱ्या वळायच्या, विकायच्या आणि त्यावर जंगमसेवा करायची, हे त्यांचे कायक. एकदा गवत कापताना त्यांचे इष्टलिंग गळून पाण्यात पडले. आपण असतो तर घाबरून गेलो असतो. याहून मोठा अपशकुन कोणता? चंदय्या कापत राहिले आणि भारा घेऊन निघाले. जंगमांच्या जेवणाची वेळ होत आली होती. कथा सांगते की लिंगच त्यांच्या मागे मागे चालत आले आणि मला पुन्हा घे म्हणू लागले. चंदय्या ऐकेनात. शेवटी मडिवाळ माचय्यांनी मध्यस्थी केली. तडजोड अशी ठरली की लिंगानेही कायक करायचे, आणि चंदेश्वरलिंग दोऱ्यांचे ओझे घेऊन विकायला निघाले. त्या दिवशी दोरी विकत घेताना किती जणांनी विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिले असेल, ते कथेत सांगितलेले नाही.