उंदरास दिलेला शब्द

मुक्या जिवास शिकवणे हे शास्त्र की कला? टांझानियातील मोरोगोरो येथे ‘अपोपो’ ही संस्था मोठ्या आफ्रिकी उंदरांना भूसुरुंगांचा वास ओळखण्यास शिकवते. वास अचूक हेरला की ‘टिक्’ असा आवाज आणि मागोमाग केळ्याचा घास. आवाज झाला आणि घास चुकला, असे होऊ द्यायचे नाही. हे शास्त्र. मात्र हातातले पिल्लू भ्याले आहे की नुसते कंटाळले आहे, हे नोंदवही सांगत नाही. ते शिकवणाऱ्याच्या तळहातालाच कळावे लागते.

पुढची गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. प्रत्यक्ष सुरुंगक्षेत्रात सुरुंग कोठे आहे हे माणसासही ठाऊक नसते. उंदराने माती उकरली म्हणून घास दिला आणि खाली काहीच नसले, तर दिलेला शब्द खोटा पडतो. म्हणून तेथे घास नाही. तो सरावाच्या, माहीत असलेल्या जागी. लाडक्या लेकराच्या बाबतीत असा हात आवरणे आपल्यापैकी किती जणांस साधते?

पण विश्वास संपादून त्या जिवास धोक्यात न्यावे काय? उंदराच्या वजनाने सुरुंग फुटत नाही, म्हणून आम्ही होय म्हणतो. फुटत असता, तर तोच विश्वास म्हणजे फसवणूक ठरली असती.

मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात १००हून अधिक सुरुंग व स्फोटके शोधली. २०२० साली त्याला ब्रिटनमधून सुवर्णपदक मिळाले. पदकाचे कौतुक माणसांना. त्याला २०२१ मध्ये कामातून विश्रांती दिली गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये, आठ वर्षांचा होऊन, तो शांतपणे मेला.