जखमीचे नाव विचारण्यापूर्वी



डिसेंबर १९१२ मध्ये डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक मुंबईहून तुर्कस्तानकडे निघाले. बाल्कन युद्धात घायाळ झालेल्या उस्मानी सैनिकांची शुश्रूषा करणे, हा त्यांचा हेतू. त्या पथकात अब्दुर्रहमान पेशावरी हा अलीगढचा विद्यार्थी होता. तो डॉक्टर नव्हता. शिक्षण अर्धवट सोडून स्वयंसेवक म्हणून निघाला होता. १९१३ मध्ये पथक मायदेशी परतले, तो मात्र तिकडेच राहिला.

त्या तरुणाला समुद्रापार नेले ते उम्मतच्या बंधुभावाने. ही प्रेरणा निःसंशय थोर आहे. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. १९०९ पासून उस्मानी सैन्यात ख्रिस्ती आणि यहुदी तरुणांचीही भरती होत होती. अशा एखाद्याला, किंबहुना शत्रूच्याच शिपायाला, झोळीतून समोर आणले असते, तर शुश्रूषा करणाऱ्याचे कर्तव्य काय ठरले असते?

कुरआनात सदाचारी लोकांचे वर्णन आले आहे (७६:८-९). ते गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेऊ घालतात आणि त्यांच्याकडून मोबदला वा आभार यांची अपेक्षा ठेवत नाहीत. कैदी म्हणजे कोण, याचा विचार करा. काल जो तलवार घेऊन चालून आला, तोच आज कैदी आहे. बद्रच्या युद्धकैद्यांशी चांगले वागण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली होती. अबू अझीझ या कैद्याने पुढे सांगितले की, अन्सार स्वतः खजूर खात आणि त्याला भाकरी देत.

म्हणजे बंधुभाव आपल्याला घराबाहेर काढतो. पण जखमेपाशी पोहोचल्यावर अल्लाहची प्रसन्नता हाच एक हेतू उरला पाहिजे. ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही, त्याची सेवा करतानाच नियतची खरी परीक्षा होते.

हा प्रश्न केवळ रणांगणाचा नाही. रस्त्यावर अपघात झाल्याचे कळताच 'कोणाचा मुलगा?' असे मीही आधी विचारले आहे. आपल्यातला नाही असे कळल्यावर मनाला क्षणभर जे हायसे वाटले, त्याची आज लाज वाटते. रक्तदान करताना आपले रक्त कोणाच्या अंगात जाईल, हे आपल्याला ठाऊक नसते. ते ठाऊक नसण्यातच त्या दानाची शुद्धता आहे.

आपल्या मुलांना प्रथमोपचार अवश्य शिकवा. त्यासोबत जखमीचे नाव विचारण्यापूर्वी त्याचे रक्त थांबवायचे असते, हेही शिकवा.

अल्लाह आपल्या हातांना सेवा आणि अंतःकरणांना निर्मळ नियत प्रदान करो. आमीन.