चांदबीबीच्या महालात चांदबीबी नाही

दख्खनमधील मुसलमानी राजवटींचे अवशेष पाहायला निघालेल्या प्रवाशाची वाट बहुधा आधीच ठरलेली असते. विजापूरचा गोलघुमट, दौलताबादचा किल्ला आणि बिबी-का-मकबरा ही ठिकाणे झाली की यादी संपते, आणि त्यांच्या मधल्या शेकडो किलोमीटरांच्या मुलखात भीमा, सीना, बोरी या नद्यांच्या काठांनी विखुरलेल्या बहमनी, निजामशाही आणि आदिलशाही वास्तू एसटीच्या खिडकीतून मागे पडत राहतात. अशा ठिकाणी वाटाड्या नसतो, माहितीपुस्तिका नसते. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असलाच, तर त्यावर वास्तूच्या इतिहासापेक्षा दंडाची कलमेच अधिक असतात. म्हणून एकट्याने हिंडणाऱ्या प्रवाशाला वास्तू स्वतःच वाचावी लागते, आणि या वाचनाचा आरंभ दगडापासून न करता आसपासच्या माणसांनी तिला दिलेल्या नावापासून करणे अधिक फलदायी ठरते, मग ते नाव इतिहासाच्या दृष्टीने साफ चुकीचे का असेना.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) पूर्वेला डोंगरमाथ्यावर उभे आहे. शहराच्या कुठल्याही मोकळ्या जागेतून दिसणारी ही तीन मजली अष्टकोनी इमारत सर्वांच्या तोंडी ‘चांदबीबीचा महाल’ आहे; प्रत्यक्षात मात्र ती महाल नाही आणि चांदबीबीशी तिचा संबंधही नाही. मुर्तझा निजामशहाचा (१५६५ ते १५८८) वजीर सलाबतखान याचा तो मकबरा, म्हणजे कबरीवर उभारलेली इमारत, असून त्याची कबर तळघरात आहे. वर चढणाऱ्याला हे कळायला फारसा वेळ लागत नाही, कारण राहण्यासाठी बांधलेल्या इमारतीत दिसणाऱ्या खोल्या, मुदपाकखाना, न्हाणीघर यांपैकी येथे काहीच नाही. मधला उंच पोकळ गाभा, त्याच्याभोवती फिरणाऱ्या कमानींच्या ओवऱ्या आणि भिंतीच्या जाडीत लपवलेला अरुंद जिना एवढाच हा सारा पसारा आहे. कमानींतून आत येणारा वारा दुपारी इतका जोरदार असतो, की येथे कुणी संसार थाटला असेल ही कल्पनाच टिकत नाही.

मग नाव बदलले कसे? सलाबतखान कर्तबगार कारभारी होता. नगरच्या बागा आणि पाणीव्यवस्था यांच्या इतिहासात त्याचे नाव वारंवार येते. परंतु वजिराचे काम कितीही मोठे असले, तरी ते लोकांच्या ओव्यांत आणि गोष्टींत सहसा शिरत नाही. उलट १५९५-९६ मध्ये अकबराचा मुलगा मुराद याच्या सैन्याने किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तटावर उभी राहिलेली आणि १६०० मध्ये आपल्याच माणसांच्या हातून मारली गेलेली चांदबीबी नगरच्या स्मरणात कायमची राहिली. शहराने आपली सर्वांत उंच वास्तू आपल्या सर्वांत धीट व्यक्तीच्या नावे करून टाकली, आणि कागदोपत्री ही चूक असली तरी तिच्यामागचा न्याय समजण्यासारखा आहे. खानावर मात्र अन्याय झाला, हेही खरेच.

याच शहरातील दमडी मशिदीच्या नावातही अशीच गोष्ट दडलेली आहे. दमडी हे पूर्वीच्या काळचे अगदी हलके नाणे, आणि किल्ल्याच्या बांधकामावरील गवंडी-मजुरांनी रोज एकेक दमडी बाजूला काढून १५६७ च्या सुमारास ही मशीद उभी केली, असे सांगितले जाते. कथा खरी की रचलेली याचा निकाल लागणे कठीण आहे. पण मशिदीच्या दर्शनी भागावरचे कोरीवकाम जवळून पाहिले, म्हणजे चिऱ्यात इतक्या बारकाईने उठवलेली अक्षरे आणि वेलबुट्टी ही हाताचे काम करणाऱ्यांच्या नावावरच जमा व्हावी असे लोकांना का वाटले असेल, ते उमजते.

नगरच्याच फराहबागेत नावाचा घोटाळा नाही, तेथे हरवले आहे ते पाणी. १५८३ मध्ये पूर्ण झालेला हा अष्टकोनी महाल एका विस्तीर्ण चौकोनी तलावाच्या मधोमध बांधलेला होता, आणि तलावात पाणी येत असे ते नहरीने, म्हणजे डोंगरपायथ्याच्या विहिरींपासून खापरी नळांतून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणलेल्या प्रवाहाने. आता तलाव कोरडा असतो, त्यामुळे वास्तू उघड्या रानात ठेवून दिलेल्या पेटाऱ्यासारखी बोजड दिसते. तिच्या चुनेगच्ची कमानींचे प्रतिबिंब खाली पाण्यात पडून उंची दुप्पट भासावी, हा बांधणाऱ्याचा हिशेब प्रवाशाने मनातच मांडावा लागतो. वाहनतळापासून महालापर्यंत जाऊन परतणाऱ्याला हे जमत नाही; तलावाच्या काठाने पायी एक फेरी मारावी लागते. नळदुर्गात हीच गोष्ट उलट बाजूने अनुभवता येते, कारण इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल भर पावसाळ्यात पाण्याच्या पडद्याआड जातो, तेव्हाच तो पुरता उलगडतो.

या सगळ्या वास्तूंना ‘मुसलमानी अवशेष’ म्हणण्याची रूढी सोयीची असली, तरी ती फार दूर नेत नाही. इतिहासकार फिरिश्ता याच्या म्हणण्याप्रमाणे निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी ब्राह्मण होते. मालोजी भोसल्यांनी आपल्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावे नगरच्या शाहशरीफ या अवलियाच्या नावावरून ठेवली, ही परंपरा मराठी वाचकाला परिचित आहेच. बिदरजवळच्या अष्टूर येथे तर एका कबरीला दोन ओळखी आहेत. गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला नेणारा अहमदशहा बहमनी १४३६ मध्ये वारला. मुसलमान भाविक त्याला वली, म्हणजे ईश्वराचा सखा, मानतात, तर लिंगायत भाविक त्याच्या ठिकाणी आपल्या अल्लमप्रभू या संताला पाहतात. त्याचा उरूस, म्हणजे पुण्यतिथीचा उत्सव, होळीनंतर हिंदू पंचांगाच्या तिथीने भरतो आणि त्यात जंगमांना, म्हणजे लिंगायत पुरोहितांना, मान असतो. घुमटाच्या आतील रंगीत आणि सोनेरी लिपीकाम पाहायला आलेल्या प्रवाशाने येथे जोडे बाहेर काढावेत, डोके झाकावे, प्रकाशचित्र घेण्याआधी विचारावे, हे शिष्टाचार म्हणून योग्यच आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही जागा ज्यांच्या नित्याच्या श्रद्धेची आहे त्यांच्या घरी आपण पाहुणे आहोत, ही जाणीव हवी. अनोळखी माणसाला कोण, कुठले, कशासाठी आलात असे प्रश्न हल्ली जरा अधिकच बारकाईने विचारले जातात, आणि त्यांची सरळ उत्तरे दिली की बहुतेक वेळा किल्ली कोणाकडे आहे तेही कळते.

अष्टूरच्या मकबऱ्यांच्या त्याच रांगेत हुमायून बहमनीचा मकबरा आहे. त्याच्या क्रूरपणामुळे इतिहासाने त्याला ‘जालीम’ हे विशेषण लावले, आणि घुमटावर वीज पडून अर्धी इमारत ढासळली तेव्हा लोकांनी त्याचा अर्थ लावायला उशीर केला नसेल. अभ्यासूला मात्र ही पडझड उपकारक ठरली आहे, कारण एरवी गिलाव्याखाली झाकली जाणारी भिंतीची जाडी आणि तिच्यापासून आत झुकत जाणारा घुमट कापलेल्या फळासारखा उघडा दिसतो.

एकट्या प्रवाशाची खरी कसोटी फिरोजाबादला लागते. गुलबर्ग्याच्या दक्षिणेला भीमेच्या काठी फिरोजशहा बहमनीने १४०० च्या सुमारास हे शहर वसवले. तीन बाजूंनी तट आणि चौथ्या बाजूला नदी. बिदर राजधानी झाल्यावर ते मागे पडले, आणि जॉर्ज मिशेल व रिचर्ड ईटन यांनी त्याचा आराखडा तपशिलाने मांडला तो १९९२ मधील ग्रंथात. आज तटाच्या आत शेते आहेत, प्रचंड जामा मशिदीच्या भिंती आहेत, आणि काटेरी झुडपांतून वाट काढत गेल्यास हमाम, म्हणजे गरम पाण्याचे स्नानगृह, सापडतो. त्याच्या छताला लहान घुमट आणि चौकोनी तळाचे निमुळते शिखरासारखे आकार शेजारीशेजारी आहेत, आणि त्यांतील झरोक्यांतून पडणारे उजेडाचे कवडसे दुपार कलेल तसे भिंतीवरून सरकत जातात. बाहेर पश्चिमेला, पंढरपूरवरून वाहत आलेली तीच भीमा आहे. तिच्या काठावर तट नाही, कारण त्या बाजूला नदीच पुरेशी होती.