खरी नक्कल

न्यायालयात ‘नक्कल’ हा शब्द अप्रतिष्ठेचा नाही. मूळ दस्तऐवजावरून कारकून प्रत उतरतो, ती ताडून पाहिली जाते आणि तीवर ‘खरी नक्कल’ असा शिक्का उमटतो. मुळात चतुःसीमा लिहिताना कुणी पूर्वेच्या जागी पश्चिम लिहिले असेल, तर नकलेतही पश्चिमच आली पाहिजे. चूक सुधारण्याचा अधिकार नक्कलनविसास नाही. न्यायालयाबाहेर मात्र नक्कल म्हणजे लबाडी असेच आपण समजतो.

या दोन अर्थांचा विचार करण्याची वेळ मजवर अफजलपुरात आली ती शेजारच्या एका तरुणामुळे. तो गिटार वाजवतो. ‘फझ फेस’ नावाच्या जुन्या यंत्राची प्रतिकृती करावी असे त्याच्या मनाने घेतले होते. लंडनला १९६६ साली निघालेली ही पायाने दाबावयाची वाटोळी पेटी. आत दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, एवढाच काय तो संसार. गिटारचा स्वच्छ स्वर तीतून फाटका, घोगरा होऊन बाहेर पडतो. जिमी हेंड्रिक्सने तिला कीर्ती मिळवून दिली.

या फाटक्या स्वराचे कूळही मोठे गमतीचे आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्सच्या एका गीताचे ध्वनिमुद्रण चालले असता यंत्र बिघडले आणि ग्रेडी मार्टिनची खर्जाची गिटार घरघरू लागली. ती घरघर तशीच ठेवली गेली; १९६१ साली ते गीत गाजले. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने तो बिघाड हुकमी घडविणारे यंत्र रचले. १९६२ साली ते बाजारात आले. तेव्हा येथेही नकलाकाराने जपावयाचा तो दोषच!

त्यासाठी जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर हवेत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने असे भाग १९६२ पासून बनविले, आणि त्या काळच्या रेडिओंत ते असत. तरुणाच्या घरी आजोबांचा असाच एक रेडिओ होता. त्याने मला विचारले ते एवढेच, की पेटीवर मूळ कंपनीचे नाव घातले तर चालेल काय? विकणार असशील तर कायदा आड येईल, मी म्हणालो. घरात ठेवशील तर कोणी विचारणार नाही. हे उत्तर वकिलाचे होते, आणि ते देऊन माझेच समाधान झाले नाही. खऱ्या नकलेची प्रतिष्ठा ती स्वतःस अस्सल म्हणवीत नाही यातच आहे. शिवाय नक्कल देताना अस्सल कागद दप्तरातच राहतो, कोणी तो फाडीत नाही. आणि तो रेडिओ अजून बोलत होता. आजी रोज संध्याकाळी त्यावर बातम्या ऐकत असत.

हे मी त्याला सांगितले. तो रागावला, चार दिवस आमच्याकडे फिरकला नाही. पुढे कलबुर्गीच्या एका दुरुस्तीवाल्याकडच्या मेलेल्या रेडिओतून त्याने आपले दोन ट्रान्झिस्टर मिळविले.

पेटी झाली. परंतु जर्मेनियमला उष्मा सोसत नाही. तापले की त्यातून नको तेवढा प्रवाह झिरपू लागतो, आणि आमच्या भीमाकाठच्या वैशाखात भर दुपारी त्या पेटीचा स्वर अडखळतो, बसतो. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर घाल, मी सुचविले. “मग ती सुधारलेली प्रत होईल, वकीलकाका,” तो म्हणाला. हल्ली तो गच्ची निवल्यावर रात्री वाजवतो. पेटीच्या झाकणावर त्याने पांढऱ्या रंगाने स्वतःचे नाव घातले आहे, आणि खाली अफजलपूर.