वकीलपत्र कोणाचे?

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि किमान आठ कामगारांचा जीव गेला. अशा घटनेनंतर मृताच्या घरी सांत्वनाला पुष्कळ लोक येतात. कोणत्या कागदावर सही करायची, कोणत्यावर घाईने करायची नाही, भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा, हे शांतपणे बसून सांगणारा वकील मात्र त्या घराला स्वतः शोधावा लागतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमात औद्योगिक दुर्घटनेत सापडलेल्यांना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. हा हक्क जवाहरनगरच्या किती घरांना माहीत आहे? आणि तो त्यांना सांगणे हे वकिलांचे सार्वजनिक काम नसेल, तर मग कोणते आहे?

आपल्याकडे वकील सार्वजनिक जीवनात उतरला म्हणजे पक्षात गेला, असा अर्थ रूढ झाला आहे. मला हा अर्थ मान्य नाही, आणि तो खोडून काढायला भंडाऱ्याइतकी योग्य जागा नाही. १९५४ साली याच मतदारसंघातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब हरले. पण मते मागायला आलेल्या त्या बॅरिस्टरामागे अनेक वर्षांची वकिली होती. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून झालेल्या खटल्यात त्यांनी ब्राह्मणेतर चळवळीतल्या जेधे-जवळकरांची बाजू लढवली. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील खटल्यात र. धों. कर्व्यांच्या बाजूने ते कोर्टात उभे राहिले. तो खटला हरले. लोकांना न रुचणाऱ्या माणसाचे वकीलपत्र घेण्याची हिंमत त्यांच्यात होती.

महाडचे उदाहरण तर प्रत्येक राजकारणी वकिलाने पाठ करावे असे आहे. २५ डिसेंबर १९२७ ला हजारो लोक महाडला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या तयारीने जमले होते. त्याआधी काही दिवस विरोधकांनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता, आणि त्यात प्रतिवादी होते स्वतः आंबेडकर. जमाव पेटलेला होता, एक शब्द पुरला असता. त्यांनी लोकांना थांबायला सांगितले. त्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली, म्हणजे धग कमी नव्हती. पण तळ्यावर जाणे पुढे ढकलले आणि लढाई कोर्टात नेली. महाडच्या कोर्टापासून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत हे प्रकरण चालले आणि १७ मार्च १९३७ ला निकाल लागला: तळे आपलेच आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची जुनी वहिवाट आहे, हा विरोधकांचा दावा टिकला नाही. जवळजवळ दहा वर्षे! आपल्याच माणसांना ‘थांबा’ म्हणणे आणि मग त्यांच्यासाठी दहा वर्षे तारखा करणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. आजचे वकील-नेते पहिले करायला घाबरतात आणि दुसऱ्याला वेळ देत नाहीत.

सत्तेलाही नाही म्हणता आले पाहिजे. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागताच फली नरिमन यांनी अतिरिक्त सॉलिसिटर जनरलपदाचा राजीनामा दिला. सरकारचे वकीलपत्र म्हणजे सरकारची गुलामी नव्हे, हे त्यांनी कृतीने सांगितले.

भंडारा जिल्ह्याला आणखी एक खटला विसरता येणार नाही. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरून सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती जन्मठेपेत बदलली. शिक्षा झाली, पण अॅट्रॉसिटी कायदा लागला नाही. जातीचा द्वेष पुराव्यात उभा राहायला पहिल्या जबाबापासून काळजी घ्यावी लागते. म्हणून पीडितांच्या बाजूचा वकील सुनावणीच्या दिवशी नव्हे, फिर्यादीच्या दिवशी पोलीस ठाण्यात हवा.

त्या खटल्यातील विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम २०२४ मध्ये मुंबईतून भाजपचे लोकसभेचे उमेदवार झाले. ते हरल्यानंतर त्याच वर्षी राज्य सरकारने त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमले, आणि २०२५ मध्ये ते राज्यसभेवर नियुक्त झाले. निवडणूक लढवणे हा त्यांचा हक्क आहे, त्यांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझा आक्षेप रीतीला आहे, मग पक्ष कोणताही असो. सरकारी वकील हा सत्ताधाऱ्यांचा वकील नसतो. तो न्यायालयाला सत्य सापडावे म्हणून उभा असतो. आरोपीलाही तसे वाटले पाहिजे, फिर्यादीलाही. म्हणून सरकारी वकिली आणि पक्षाची उमेदवारी यांच्यात निदान पाच वर्षांचे अंतर कायद्यानेच घालून द्यावे.

भंडाऱ्याच्या तरुण वकिलांनो, महिन्यातला एक रविवार जवाहरनगरला द्या. निर्माणीतल्या कामगारांना, ठेकेदाराकडे राबणाऱ्यांना, विधवांना कायदा समजावून सांगा, त्यांचे अर्ज लिहून द्या. आणि मतदारांनो, काळा कोट घातलेला उमेदवार दारात आला की त्याला पक्ष विचारू नका. पैसे न घेता कोणाचे वकीलपत्र घेतले होते, ते विचारा.